सुरतेची पाटी, खान्देशची गाडी

नवापूरपासून रावेरपर्यंत एक समज घट्ट बसला आहे: सुरतेला नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी घ्यावी, रोड टॅक्स निम्मा वाचतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आपले निम्मे भाऊबंद राहतात, त्यामुळे हा सल्ला लग्नाच्या पंगतीतही मिळतो.

आकडा खोटा नाही. ८ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८ हजार कर. गुजरातेत सुमारे ६ टक्के. फरक साधारण ४० हजारांचा. पण हिशेब इथे संपत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ४० सांगते की मालक राहतो किंवा गाडी एरवी ठेवली जाते, त्याच राज्यात नोंदणी करायची. खोट्या पत्त्यावरची नोंदणी रद्द होऊ शकते. आणि पत्ता खरा असला, तरी कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली की नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे सुरतेच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), कर्ज असेल तर बँकेचीही, मग धुळे किंवा जळगावच्या आरटीओत इथला कर. गुजरातचा उरलेला कर परत मागता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि हेलपाटे. तोवर नाक्यावर अडवले की दंड आपलाच.

मला सर्वात जास्त काळजी विम्याची वाटते. अपघातानंतर पत्त्याचा घोळ निघाला, तर दावा अडकू शकतो, आणि तेव्हा ४० हजार कुणालाच आठवत नाहीत. शोरूमला जाताना ‘ऑन रोड’ किंमत एमएच १८ (धुळे), १९ (जळगाव) किंवा ३९ (नंदुरबार) धरूनच लिहून मागा.