मिनॉक्सिडिल लावतोय, मग फिनास्टेराईड कशाला?

टक्कल पडायला लागलेल्यांचा हा प्रश्न (मिनॉक्सिडिल टाळूवर लावायचं, फिनास्टेराईड पोटात घ्यायची गोळी) इतक्या वेळा वाचलाय की आता उत्तर एकदाच लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी हेच चिकटवतो. उत्तर देणारेही ठरलेलेच असतात, एक जण म्हणणार दोन्ही केस उगवायचीच औषधं, एक वरून लावायचं एक पोटात घ्यायचं, ज्याला जे झेपेल ते. दुसरा छातीठोकपणे सांगणार की मिनॉक्सिडिलने डीएचटी, म्हणजे केसांची मुळं आकसवणारं हार्मोन, कमी होतो. दोन्ही साफ चूक.

मिनॉक्सिडिल तुम्हाला माहितीये म्हणून पटकन उरकतो. मूळची ब्लड प्रेशरची गोळी, ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तेच टाळूवर लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. २ टक्के, ५ टक्के, लिक्विड, फोम, यावर लोक तासन्‌तास भांडतात, त्यात फार काही नाही. लिक्विडने खाज सुटत असेल तर बऱ्याचदा दोष त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या औषध विरघळवणाऱ्या रसायनाचा असतो, फोम घेऊन बघा. पहिले काही आठवडे केस जास्त गळतात, घाबरून बंद करू नका, जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. आणि घरात मांजर असेल तर खरंच जपा, बाटली आणि उशी दोन्ही लांब ठेवा, हे औषध चाटल्याने मांजरं मेलेली आहेत.

आता मुद्दा. पॅटर्नवालं टक्कल, म्हणजे कपाळाचे कोपरे आत जाणं आणि टाळू विरळ होणं, हे केस 'गळून' होत नाही, केस बारीक होत जाऊन होतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम डीएचटी बनवतं, आणि ज्यांची केसांची मुळं जन्मतःच डीएचटीला हळवी असतात त्यांचं प्रत्येक मूळ दर फेरीला थोडं आकसतं. डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग विश्रांती, मग गळतो, मग त्याच जागी नवा. डीएचटीमुळे ही वाढीची वर्षं कमी कमी होत जातात आणि येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. विरळ भाग जवळून मोठा करून बघितला तर एक जाड केस, त्याला खेटून अर्ध्या जाडीचा, आणि शेजारी नुसती लव असं दिसतं. डोक्याच्या मागे हाच प्रकार शोधा, सगळे केस एकसारखे जाड, कारण तिथली मुळं डीएचटीला फारशी दाद देत नाहीत. (टक्कल पडणाऱ्यात टेस्टोस्टेरॉन जास्त असतं म्हणे. नसतं हो, बहुतेकांचं नॉर्मलच असतं. आणि सगळं आईकडूनच येतं हेही अर्धंच खरं, वडिलांकडूनही येतं.)

मिनॉक्सिडिल या डीएचटीच्या कारभाराला हातसुद्धा लावत नाही. ते झोपलेल्या मुळाला उठवून वाढीला लावतं आणि त्या अवस्थेत जास्त वेळ ठेवतं, बस. म्हणून सुरुवातीला दिसतं छान, वर्षभराच्या आसपास फायदा कळसाला पोचतो, आणि मग दोन-तीन वर्षांनी लोक लिहितात की औषधाची सवय झाली, आता लागू पडत नाही. अरे सवय बिवय काही नाही, औषध आपलं काम करतंय, खालून डीएचटी मुळं आकसवत राहिला त्याला कोणी अडवलंच नव्हतं.

फिनास्टेराईड अडवतं ते हे. ते एन्झाइमचा एक प्रकार बंद पाडतं आणि रक्तातला डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली येतो. आधी ५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी होती, १ मिलिग्रॅमची केसांसाठी १९९७ मध्ये आली.

सगळ्यात जास्त लोक आपटतात ते पुढे. फिनास्टेराईडचं यश हे बहुतेकदा 'काहीच झालं नाही' असं दिसतं! ५ वर्षांच्या चाचणीत फोटोंवरून बघितलं तर गोळी घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांचे केस वाढले, ४२ टक्के होते तिथेच राहिले. आणि खोटी गोळी घेणारे? त्यांच्यातले ७५ टक्के आणखी विरळ झाले. म्हणजे तो जो ४२ टक्क्यांतला माणूस वैतागून 'वर्ष झालं, ढिम्म फरक नाही' लिहितो आणि गोळी बंद करतो, त्याला औषध लागू पडलेलं असतं. सकाळी आरशात बघून हे कळणार नाही, सुरुवातीला एक फोटो काढा, कोरडे केस, तोच बल्ब, तोच कोन, आणि वर्षानेच त्याच्याशी ताडून बघा. ओल्या केसांचे फोटो टाकून 'मत सांगा' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

माझं मत विचाराल तर, पुरुष असाल आणि केस अजून बऱ्यापैकी शिल्लक असतील तर फिनास्टेराईडचा विचार आधी, मिनॉक्सिडिल जोडीला. गुळगुळीत झालेल्या जागी दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवू नका. दोन्ही बंद केली की कमावलेलं वर्षभराच्या आत जातं.

पण गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने उचलून आणायची नाही. थोड्या लोकांना सेक्सची इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास असं होतं, बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर जातं, पण काहींनी नंतरही राहिल्याचं सांगितलंय. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हाही साइड इफेक्ट म्हणून मान्य केला, त्यामुळे आधीपासून डिप्रेशन असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या भेटीतच सांगा. 'सगळं मनाचे खेळ' म्हणणारे आणि 'एका गोळीत आयुष्य बरबाद' म्हणणारे, दोघांनाही सारखंच लांब ठेवा. गरोदर बाईने तर तुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. बायकांचं गणितच वेगळं आहे, त्यांच्यासाठी सुरुवात मिनॉक्सिडिलनेच, पुढचं त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील.

बायोटिन हे जीवनसत्त्व? कमतरता नसेल तर उपयोग शून्य. ट्रान्सप्लांट? मागची मुळं पुढे येतात, टिकतात, पण आजूबाजूचे तुमचे जुने केस बारीक होतच राहतात, म्हणून ट्रान्सप्लांटनंतरही गोळीचा विषय निघतोच.

आणि हे डॉक्टरसुद्धा कधीकधी विसरतात: फिनास्टेराईडने पीएसए टेस्टचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय तपासणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा जवळपास निम्मा होतो. टेस्टच्या वेळी गोळीचं सांगितलं नाहीत तर वाढलेला आकडाही रिपोर्टवर नॉर्मल दिसेल.