अंदर, बाहर आणि ६२५ मांडण्या

पत्ते खेळायला अक्कल लागते, हा दावा रमी खेळणाऱ्यानं केला तर तो न्यायालयातही टिकतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीनपत्तीसारख्या निव्वळ नशिबाच्या खेळापासून तिला वेगळं काढलं. अंदर-बाहर खेळणाऱ्याला असला दावा करायची सोयच नाही. हातात पत्ते येत नाहीत, काही टाकायचं नसतं, उचलायचं नसतं, समोरच्याला फसवायचं नसतं. एकदा पैसे लावले की नुसतं बघत बसायचं. म्हणूनच हा खेळ गणितासाठी फार सोयीचा आहे. खेळाडूच्या हुशारीचा हिशेब धरावा लागत नाही, फक्त पत्ते मोजायचे.

खेळ दोन वाक्यांत सांगता येतो. वाटणारा ५२ पत्त्यांच्या कॅटातून एक पत्ता उघडा करून मधे ठेवतो, मग एक पत्ता अंदरला, एक बाहरला असे आलटून पालटून पत्ते उघडत जातो. मधल्या पत्त्याच्या तोलाचा पत्ता (सत्तीला सत्ती, राणीला राणी, रंग कुठलाही) ज्या बाजूला आधी पडेल ती बाजू जिंकली. दक्षिणेत जत्रेत, रस्त्याकडेला हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तमिळमध्ये त्याला मंगात्ता म्हणतात. आज तो गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर रूलेट आणि ब्लॅकजॅकच्या शेजारी मांडलेला असतो. महाराष्ट्रानंही १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. सत्तेचाळीस वर्षं कागदावर राहिलेल्या त्या कायद्याचा खटाटोप नेमका कशासाठी केला होता, असा प्रश्न पडतो खरा, पण तो राहू दे.

दोन बाजू, एक निकाल. मग शक्यता निम्मी-निम्मीच असणार, असं कुणालाही वाटेल. तशी ती नसते. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती १०० पैकी साधारण ५१.५ वेळा जिंकते. हा दीड टक्का येतो कुठून, ते बघण्यासारखं आहे, आणि त्याला शाळेच्या पलीकडचं गणित लागत नाही.

मधे सत्ती आहे असं धरू. उरलेल्या ५१ पत्त्यांत तीन सत्त्या आहेत. त्या ५१ पैकी कुठल्या तीन जागांवर आहेत, एवढ्यावरच डावाचा निकाल ठरतो; बाकीचे ४८ पत्ते नुसती गर्दी. ५१ जागांतून तीन जागा निवडायचे प्रकार होतात २०,८२५. पत्ते नीट पिसलेले असतील तर या सगळ्या मांडण्यांची शक्यता सारखीच.

आता पत्ते ज्या क्रमानं पडतात त्या क्रमानं त्यांच्या जोड्या पाडा: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, असं करत एकोणपन्नासावा-पन्नासावा. जोडीतला पहिला पत्ता आधीच्या बाजूचा, दुसरा नंतरच्या बाजूचा. एक्कावन्नावा एकटा राहतो, पण डाव तिथपर्यंत जातच नाही, कारण तीन सत्त्यांपैकी पहिली एकोणपन्नासाव्या पत्त्यापर्यंत पडलीच पाहिजे. कुठलीही मांडणी घेऊन प्रत्येक जोडीतल्या दोन पत्त्यांची अदलाबदल केली, तर निकाल उलटतो. आधीची बाजू जिंकत असेल तर आता नंतरची जिंकते. म्हणजे जिंकणाऱ्या प्रत्येक मांडणीला एक हरणारी मांडणी सापडते आणि हिशेब बरोबरीत सुटायला हवा.

सुटत नाही, कारण काही मांडण्यांवर अदलाबदलीचा परिणामच होत नाही. पहिली आणि दुसरी सत्ती एकाच जोडीत आली तर पत्ते कितीही उलटेपालटे करा, आधीच्या बाजूला सत्तीच पडणार. अशा मांडण्या किती? पहिल्या जोडीत दोन्ही सत्त्या असतील तर तिसरीला मागे ४९ जागा मोकळ्या, दुसऱ्या जोडीत असतील तर ४७, आणि असं उतरत पंचविसाव्या जोडीत फक्त १. ही पहिल्या २५ विषम संख्यांची बेरीज झाली, म्हणजे २५ चा वर्ग: ६२५. उरलेल्या २०,२०० मांडण्या दोन्ही बाजूंत समान वाटल्या जातात, प्रत्येकी १०,१००. आधीच्या बाजूला वर हे ६२५ फुकटचे. १०,७२५ भागिले २०,८२५ म्हणजे ५१.५ टक्के.

हे कॅसिनोला पक्कं ठाऊक असतं. म्हणून नेहमीची पद्धत अशी की नंतरची बाजू जिंकली तर रुपयाला रुपया मिळतो, आधीची जिंकली तर रुपयाला ९० पैसे. आधीच्या बाजूला न्याय्य भाव साधारण ९४ पैसे असायला हवा. चार पैसे कॅसिनोनं ठेवून घेतले. नंतरच्या बाजूला न्याय्य भाव रुपयाला एक रुपया सहा पैसे. तिथले सहा पैसे ठेवून घेतले. शंभर रुपये लावले तर सरासरी तोटा आधीच्या बाजूवर २ रुपये १५ पैसे, नंतरच्या बाजूवर ३ रुपये. या खेळाची सगळी रणनीती एवढीच: लावायचेच असतील तर ज्या बाजूला पहिला पत्ता पडणार तिच्यावर लावा. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या रिवाजानं मधला पत्ता काळा, म्हणजे इस्पिक किंवा किलवर निघाला तर सुरुवात अंदरपासून होते आणि बदाम किंवा चौकट निघाली तर बाहरपासून. अशा टेबलावर डोळे मिटून ‘अंदर’ म्हणत राहणारा निम्म्या वेळा महागडी बाजू विकत घेत असतो.

‘हरलो की दुप्पट लावायचे, कधीतरी जिंकणारच’ हा कानमंत्र इथे फारच केविलवाणा ठरतो. एरवी या युक्तीची अडचण अशी की सलग हरत गेलं की खिसा तरी संपतो, नाहीतर टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. इथे ९० पैशांच्या भावात ती त्याच्या कितीतरी आधी मोडते. १०० हरलात, २०० लावून जिंकलात: हातात ८० रुपये नफा. दोनदा हरून ४०० वर जिंकलात तर ६०, तीनदा हरून ८०० वर जिंकलात तर २०. चारदा हरून १,६०० लावलेत आणि जिंकलात तर मिळाले १,४४०, तोवर गेले होते १,५००. जिंकूनही साठ रुपये खाली.

टेबलाजवळच्या पडद्यावर मागच्या डावांचे निकाल झळकत असतात आणि लोक ते पंचांग बघावं तसे बघतात. सलग सहा वेळा अंदर आलं, आता बाहरची पाळी. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. दर डावाला कॅट नव्यानं पिसला की पुन्हा त्याच २०,८२५ मांडण्या. १९१३ साली मोंटे कार्लोत रूलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर थांबली आणि ‘आता लाल येणारच’ म्हणणाऱ्यांनी भरपूर पैसे घालवले, ही गोष्ट शतकभर सांगितली जाते. पडदे काही कुणी उतरवले नाहीत. ते फुकट का दाखवतात, हा विचार पैसे लावण्याआधी केलेला बरा.

तरीही रोज रात्री काही लोक खरोखरच जिंकून उतरतात, आणि त्यांच्या बाबतीत गणित चुकलेलं नसतं. समजा कुणी तासाभरात ४० डाव खेळला, दर डावाला ५०० रुपये, नेहमी आधीच्या बाजूवर. उलाढाल २०,००० ची, अपेक्षित तोटा ४३० रुपये. पण ४० डावांत निकाल सरासरीपासून इकडे-तिकडे सरकतो तो सुमारे ३,००० रुपयांनी. एवढ्या चढउतारात ४३० रुपये दिसतच नाहीत; दहापैकी जवळजवळ चार जण वर राहूनच उठतात. मात्र डावांची संख्या शंभरपट झाली की अपेक्षित तोटा शंभरपट वाढतो आणि चढउतार फक्त दहापट. ४,००० डावांनंतर तोटा ४३,००० आणि चढउतार ३०,००० च्या आसपास. खेळाडूला ४,००० डाव खेळायला बरेच दिवस लागतात. कॅसिनोच्या बाजूनं सगळ्या टेबलांवरचे, सगळ्या खेळाडूंचे डाव एकाच वहीत जमा होत असतात.

डाव किती पत्त्यांत संपेल यावरही पैसे लावता येतात. तीन सत्त्या उरलेल्या ४८ पत्त्यांचे चार तुकडे करतात, प्रत्येक तुकडा सरासरी १२ पत्त्यांचा, म्हणून पहिली सत्ती सरासरी तेराव्या पत्त्याला. निम्म्याहून थोडे जास्त डाव अकरा पत्त्यांत आटोपतात. ४१ किंवा जास्त पत्ते लागायला तिन्ही सत्त्या शेवटच्या ११ जागांत असाव्या लागतात: १६५ मांडण्या, म्हणजे साधारण १२६ डावांत एकदा. यावर कुणी १२० पट देऊ केले तरी शंभरामागे चार रुपये त्याच्याच खिशात राहतात, आणि आकडा मोठा असल्यामुळे घेणाऱ्याला ते जाणवत नाहीत.

मला या खेळात सगळ्यात रस वाटतो तो डावाच्या मध्यावर. एडवर्ड थॉर्प या अमेरिकी गणितज्ञानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की ब्लॅकजॅकमध्ये पडून गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर पुढच्या डावाची शक्यता खेळाडूकडे झुकवता येते. अंदर-बाहरमध्येही पडलेले पत्ते काहीतरी सांगत असतात. डाव जसजसा लांबतो आणि सत्ती पडत नाही, तसतशा त्या तिघी कमी जागांत कोंडल्या जातात आणि दोघी एकाच जोडीत यायची शक्यता वाढते, म्हणजेच आधीच्या बाजूचं पारडं जड होतं. पहिली जोडी कोरी गेली की ५१.५० चे ५१.५६ टक्के होतात. काही टेबलांवर या टप्प्यावर दुसऱ्यांदा पैसे लावू देतात, आणि एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण ९० पैशांच्या भावात बरोबरी व्हायला ५२.६३ टक्के लागतात, आणि ११ जोड्या कोऱ्या गेल्या की शक्यता ५२.६८ वर जाते. तिथून पुढे फायदा खेळाडूचा. ४० पत्ते पडूनही सत्ती आलेली नसेल तर आधीच्या बाजूची शक्यता ५७.६ टक्के, म्हणजे शंभराला नऊ रुपयांहून जास्त नफा. २२ पत्ते कोरे जायची वेळ सहा डावांत एकदा तरी येते, एवढी काही ती दुर्मीळ नाही. तेव्हा पैसे घेणं मात्र केव्हाच बंद झालेलं असतं.