टायर रोटेशन आणि व्हील अलाइनमेंट: एकाच बिलावरची दोन वेगळी कामे

इंदूरच्या रिंग रोडवर टायरच्या कोणत्याही दुकानात गाडी लावली की जॅक हातात घेतलेला पोऱ्या एका दमात विचारतो, "अलाइनमेंट, बैलेंसिंग, रोटेशन, सब कर दें साहब?" आपणही मान डोलावतो, आणि तीन कामे मिळून एकच काम असल्याचा समज घेऊन घरी परततो. यांतले बॅलन्सिंग चटकन बाजूला काढता येते. चाकाच्या रिमवर लहान वजने लावून फिरत्या चाकाचा तोल साधणे एवढेच ते काम असते, आणि ते बिघडले की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. खरा घोटाळा होतो तो रोटेशन आणि अलाइनमेंट यांच्यात, आणि गाडी चारही चाकांना जोर पुरवणारी असेल तर तो घोटाळा टायरपुरता मर्यादित राहत नाही.

'रोटेशन' हा शब्दच थोडा फसवा आहे, कारण टायर रस्त्यावर अखंड फिरतच असतात. या कामात फिरवायची असते ती त्यांची जागा. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे बसवायचे, आणि बसवताना गरजेनुसार डाव्याचे उजवे करायचे, म्हणजे टायरांची अदलाबदल. अलाइनमेंटमध्ये टायर जागचा हलत नाही. चाक गाडीला ज्या कोनात जोडलेले असते तो कोन निर्मात्याने ठरवून दिलेल्या मापावर आणला जातो. वरून पाहिले असता चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो, समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर कललेले असणे म्हणजे कॅम्बर, आणि चाक ज्या आसाभोवती वळते तो आस पुढेमागे कललेला असणे म्हणजे कॅस्टर. रोटेशनने यांपैकी एकही कोन तसूभर बदलत नाही.

लोकमान्यनगरात राहणाऱ्या आमच्या काकांना हे पटवणे जड गेले. त्यांची गाडी डावीकडे ओढत होती आणि पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड उतरत चालली होती. त्यांनी रोटेशन करून घेतले, आणि अलाइनमेंटचे नाव काढताच म्हणाले, "अरे, परवाच चाकं फिरवून आणली ना, मग पुन्हा सरळ कसली करायची?" पुढच्या दिवाळीपर्यंत चारही टायरांच्या आतल्या कडा सारख्याच खरवडल्या गेल्या होत्या. यात आश्चर्य काहीच नव्हते. टायर रिमसकट हलतो आणि रिमची बाहेरची बाजू बाहेरच राहते. त्यामुळे डावीकडचा टायर उजवीकडे नेला तर त्याची फिरण्याची दिशा बदलते, पण आतली कड आतच राहते. झिजलेले टायर मागे गेले, चांगले टायर पुढे आले आणि पुढच्या चुकीच्या कोनाने त्यांनाही तसेच खाल्ले. कोन चुकलेला असताना केलेले रोटेशन दोन टायरांचे दुखणे चौघांत वाटून देते. झीज एकसारखी होते खरी, पण ज्या अर्थाने आपल्याला हवी असते त्या अर्थाने नव्हे.

मग कोन अचूक असतील तर अदलाबदल करायचीच कशाला, असा उलट प्रश्न येतो. उत्तर असे की सगळे कोन मापात असले तरी चार चाकांना वाट्याला येणारे काम सारखे नसते. पुढची चाके वळतात आणि ब्रेकचा मोठा भार घेतात, म्हणून त्यांच्या कडा आधी उतरतात. बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या डांबरी रस्त्यावर मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालतात, म्हणून मागच्या टायरांची झीज मधल्या पट्ट्याकडे झुकते. त्यातही आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्यामुळे चौकातले वर्तुळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओलांडावे लागते, म्हणजे गाडी उजवीकडे वळत राहते आणि भार डाव्या, बाहेरच्या चाकांवर पडतो. शिवाय समोरून बस आली की डांबर सोडून खडीत उतरते तेही डावेच चाक. अशा वापरात पुढच्या डाव्या टायराला सर्वांत जास्त सोसावे लागते. ही झीज म्हणजे बिघाड नव्हे, कामाची विषम वाटणी आहे, आणि तिच्यावर इलाज अदलाबदलीचाच.

साध्या मोटारीत ही विषमता फार तर दोन टायर लवकर बदलायला लावते. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये ती पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोडणाऱ्या ट्रान्सफर केसपर्यंत पोहोचते. 245/75 R16 मापाचा नवा टायर घ्या. त्याचा व्यास सुमारे 774 मिलिमीटर आणि परीघ सुमारे 2,431 मिलिमीटर भरतो, म्हणजे एका किलोमीटरला तो 411 फेरे घेतो. पुढच्या जोडीची नक्षी मागच्या जोडीपेक्षा 3 मिलिमीटर जास्त झिजली, तर पुढचा व्यास 6 मिलिमीटरने आणि परीघ जवळजवळ 19 मिलिमीटरने कमी होतो. दर फेऱ्याला 19 मिलिमीटर म्हणजे किलोमीटरला पावणेआठ मीटरची तफावत. ट्रान्सफर केसचा लिव्हर 4H मध्ये (चारही चाकांना जोर) टाकला की, मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही ॲक्सलना वेगवेगळे फेरे घेऊ देणारा गियरसंच, नसलेल्या गाडीत, दोन्ही ॲक्सलना समान फेरे घ्यावेच लागतात. ही पावणेआठ मीटरची तफावत कुठेतरी घसरून भरून काढावी लागते. इंदूरजवळच्या चोरलकडच्या कच्च्या वाटेवर पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत चाके घसरतच असतात, तिथे ती सहज जिरते. तीच गाडी तशीच 4H मध्ये ठेवून पक्क्या कोरड्या रस्त्यावर आणली की ताण साखळी, गियर आणि शाफ्ट यांवर साचतो, आणि लिव्हर परत 2H मध्ये (दोनच चाकांना जोर) यायला नकार देतो. अर्थात अशी गाडी कोरड्या डांबरावर 4H मध्ये चालवू नये हे नव्या टायरांनाही लागू आहे, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. असमान टायर हा ताण सरळ रस्त्यावरही निर्माण करतात. ज्या गाड्यांत चारही चाकांना जोर पुरवणारी यंत्रणा आपोआप चालू-बंद होते, तिथे फरकाची जाणीव लिव्हरमधून होत नाही. दोन ॲक्सलना जोडणारा मधला क्लच मुकाट्याने तापत राहतो.

आता याच्या शेजारी अलाइनमेंटचा हिशेब मांडून पाहू. एका चाकाचा रोख केवळ अर्ध्या अंशाने चुकला, तर भूमितीच्या हिशेबाने ते चाक किलोमीटरमागे सुमारे 8.7 मीटर आडवे फरफटले जाते. इंदूरहून ओंकारेश्वर सुमारे 80 किलोमीटर धरले, तर तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ 700 मीटर. किलोमीटरमागचे दोन्ही आकडे, मघाचे पावणेआठ मीटर आणि हे 8.7 मीटर, योगायोगाने जवळजवळ सारखे आहेत, आणि गोंधळाचे मूळही मला इथेच दिसते: दोन्हींत रबर घासले जाते. पण पहिली घसरण चाकाच्या चालीच्या दिशेत होते, दुसरी चालीला आडवी. पहिलीचे कारण टायरमध्ये असते, दुसरीचे टाय रॉडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यात.

टायरवर या दोन्ही गोष्टी वाचता येतात. नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत हळूच फिरवावा. एकीकडे जाताना रबर मऊ लागले आणि परतताना किसणीसारखे बोचले, तर टो बिघडला आहे. एकच कड दुसरीपेक्षा स्पष्ट उतरली असेल तर संशय कॅम्बरवर घ्यावा. दोन्ही कडा उतरून मधला भाग शाबूत असेल तर आधी हवेचा दाब पाहावा, तो बहुधा कमी निघतो. मधलाच पट्टा गेला असेल तर बहुधा हवा जास्त भरली गेली आहे. आणि प्रत्येक टायर आपल्यापुरता एकसारखा झिजलेला असून पुढच्या आणि मागच्या जोडीत फरक असेल, तरच तो निव्वळ रोटेशनचा विषय. गाडी एका बाजूला ओढते म्हणून थेट अलाइनमेंटला धावण्यापूर्वी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावे. ओढ बाजू बदलून आली तर दोष कोनाचा नसून टायराचा आहे. बाणाची खूण असलेल्या, एकाच दिशेने फिरणाऱ्या टायरांवर मात्र ही चाचणी करता येत नाही.

वेळापत्रकही दोन्हींचे वेगळे आहे. रोटेशन मीटरवरच्या आकड्याने ठरते, साधारण 8,000 ते 10,000 किलोमीटरला एकदा, आणि मॅन्युअल वेगळे सांगत असेल तर मॅन्युअलप्रमाणे. अलाइनमेंट बहुतांशी घटनेने ठरते: चाक खड्ड्यात जोरात आदळले, टाय रॉड किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) बदलला, सस्पेन्शन उंच करून घेतले, की कोन तपासायचे. झिजलेल्या बॉल जॉइंटवर केलेले अलाइनमेंट पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंतही टिकेल याची खात्री नसते, म्हणून ढिले भाग आधी पाहावे, मग टायर हलवावे आणि अलाइनमेंट शेवटी करावे. इथे आणखी एक गंमत होते. 'फोर-व्हील अलाइनमेंट' हे फोर-व्हील-ड्राइव्हसाठीच असते, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. त्याचा जोराशी काही संबंध नाही. मागच्या चाकांचे कोन बदलण्याची सोय आहे का, एवढाच प्रश्न असतो. जिप्सी किंवा जिमनीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत मागे कोन बदलायची सोयच नसते. मोजून घ्यायला हरकत नाही, पण दुरुस्तीचे पैसे देण्यापूर्वी काय दुरुस्त केले हे विचारावे.

मागून जोर घेणाऱ्या किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत अदलाबदलीची रूढ पद्धत अशी: मागचे टायर आपापल्या बाजूने सरळ पुढे येतात आणि पुढचे तिरपे मागे जातात. बाणवाले टायर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे होतात. स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच बनावटीची असेल तर तीही फेऱ्यात घ्यावी: स्टेपनी मागे उजवीकडे जाते आणि पुढचा डावा टायर स्टेपनीच्या जागी विसावतो, म्हणजे ज्याने सर्वांत जास्त सोसले त्यालाच विश्रांती मिळते. दारामागे वर्षानुवर्षे ऊन खात लटकलेला पाचवा टायर न वापरताही म्हातारा होतोच. नंतर पुढच्या-मागच्या चाकांचा ठरलेला दाब वेगळा असेल तर नव्या जागेप्रमाणे हवा भरून घ्यावी, आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा पान्याने आवळावे.

एका दुकानात बिलावर रोटेशन लिहिलेले होते आणि पुढच्या डाव्या टायराच्या नक्षीत रुतलेला पांढरा खडा मात्र घरी आल्यावरही पुढे डावीकडेच सापडला. तेव्हापासून मी गाडी देण्यापूर्वी प्रत्येक टायराच्या आतल्या भिंतीवर खडूने 'पु. डा.', 'मा. उ.' अशी अक्षरे लिहितो. परत आल्यावर खाली वाकून ती वाचायला दोन मिनिटे लागतात. अलाइनमेंटसाठी खडू चालत नाही. तिथे मशीनवरचा आधीचा आणि नंतरचा आकडा छापलेला कागद मागून घ्यावा लागतो.