धारावीच्या कडेला जंगल कसे आले

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचा विषय हमखास निघतो. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, मिठी नदीला लागून असलेली ही ३७ एकर जागा इतकी महत्त्वाची का, हे कळायला चाळीसेक वर्षे मागे जावे लागते.

इथे मुंबईची कचराभूमी होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती बंद झाली. मोक्याची जागा, शेजारी दाट वस्ती. इमारती सहज उठल्या असत्या. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मात्र इथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलून धरली. १९८३ मध्ये पहिले झाड लावले ते पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी.

त्या काळी सरकारी बाग म्हणजे हिरवळ, कारंजे आणि कापून आकार दिलेली झुडपे. इथे ते सगळे टाळले, हाच माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत धाडसी निर्णय. कचऱ्यावर माती पसरून झाडे लावली आणि पडलेला पाला झाडून न नेता जागेवरच कुजू दिला. त्यातून माती तयार होत गेली. मग कीटक आले, फुलपाखरे आली, पक्षी आले. काठावर खारफुटी आहे. शिक्षण केंद्राच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवले जाते.

२२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी जर्मनीत डुइसबुर्गला पेटर लाट्स यांनी बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात घडवलेले उद्यानही खुले झाले. ते जगभरच्या वास्तुशाळांत शिकवले जाते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी तितक्याच बारकाईने धारावीचे उदाहरण अभ्यासावे, असे मला मनापासून वाटते. मोकळ्या जागेला पारख्या झालेल्या वस्तीतल्या मुलांना रस्ता ओलांडला की जंगल भेटते, हे या आखणीचे सामाजिक मोल आहे.

१९९१ मध्येच या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला होता. तरीही पुनर्विकासात ती ओढली जाईल या भीतीने पर्यावरणप्रेमी उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये उद्यान प्रकल्पाबाहेर राहील, असे तिथे सांगण्यात आले. आता भोवती मनोरे उभे राहतील तेव्हा त्यांची सावली, त्यांचे सांडपाणी आणि मिठीचा पूर यांचा या झाडांवर काय परिणाम होईल, याचा हिशेब आराखड्यातच मांडला गेला पाहिजे.