बिभीषण कोण आणि झारीतला शुक्राचार्य कोण?

‘द एक्स-फाइल्स’ ही गूढ प्रकरणांचा तपास करणाऱ्या एजंटांची अमेरिकी मालिका पहिल्यांदा बघायला बसलेल्या माणसाचा पहिल्या सीझनमध्ये हमखास एक घोटाळा होतो. वय झालेला, सुटातला, नाव न सांगणारा एक सरकारी माणूस अंधारात उभा असतो आणि त्याला सगळं ठाऊक असतं. पुढे कुठल्या तरी भागात पुन्हा तसाच एक दिसतो. ‘हा मघाचाच ना?’ नाही. हे दोघं वेगळे. एकाला मालिका ‘डीप थ्रोट’ म्हणते आणि दुसऱ्याला नुसतं ‘सिगारेट ओढणारा माणूस’.

इंग्रजीत या दोघांची जोडी समजावून सांगायला परिच्छेद खर्चावे लागतात. आपल्याकडे नावं तयार आहेत. पहिला बिभीषण, म्हणजे घरातलं गुपित बाहेर नेणारा. दुसरा झारीतला शुक्राचार्य, तोटीत बसून पाणी अडवणारा.

आधी शुक्राचार्य, कारण भीती त्याची वाटते. 10 सप्टेंबर 1993 रोजी दाखवलेल्या पहिल्याच भागात एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेतले वरिष्ठ एजंट डॅना स्कलीला बोलावून घेतात आणि मोल्डर नावाच्या विक्षिप्त एजंटवर लक्ष ठेवायला सांगतात. बोलणं चालू असताना मागे फाइलींच्या कपाटाला टेकून एकजण धूर सोडत उभा असतो. त्याची ओळख कुणी करून देत नाही, तोही तोंड उघडत नाही. भागाच्या शेवटी, स्कलीने पुरावा म्हणून जमा केलेला धातूचा बारीक तुकडा घेऊन तो पेंटागॉनमधल्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयातल्या, एका अवाढव्य गोदामात शिरतो, तुकडा खोक्यात ठेवतो आणि शांतपणे चालू लागतो. पुरावा नष्ट करत नाही, नीट लावून ठेवतो. सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको. फाइल हरवत नाही, ती कुठे आहे हे एकालाच माहीत असतं.

विल्यम बी. डेव्हिस हा कॅनडाचा नट खरं तर तीन वाक्यांच्या एका भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेला होता. ती मिळाली नाही, सिगारेट ओढणाऱ्याची ही बिनवाक्यांची मिळाली. पहिल्या अख्ख्या सीझनमध्ये त्याच्या वाट्याला आले इंग्रजीतले चार शब्द. एप्रिल 1994 मधल्या ‘टूम्स’ या भागात मोल्डर आणि स्कलीचा वरिष्ठ स्किनर त्याला विचारतो, या दोघांच्या अहवालावर तुमचा विश्वास बसतो का? तो म्हणतो, अर्थातच बसतो. माझ्या मते या पात्राची सगळी भीती या एका उत्तरात आहे. मोल्डरला हसणाऱ्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसलेला नसतो, त्यांना पुराव्याने गप्प करता येईल. याचा विश्वास आधीच बसलेला आहे. म्हणून तर तो फाइल दाबतो.

बिभीषण आठवडाभराने आला, 17 सप्टेंबरच्या दुसऱ्या भागात. वॉशिंग्टनमधल्या एका बारच्या स्वच्छतागृहात तो मोल्डरला गाठतो आणि सांगतो, या प्रकरणातून बाजूला हो. जेरी हार्डिनने ही भूमिका केली. हा बोलतो. भेटीला बोलावतो, इशारे देतो, उपदेशही करतो. ‘डीप थ्रोट’ हे नाव घेतलंय वॉटरगेट प्रकरणातल्या गुप्त खबऱ्याचं, ज्याच्या माहितीचा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना 1974 मध्ये राजीनामा द्यायला लावण्यात मोठा वाटा होता. तो खबऱ्या म्हणजे एफबीआयचे तेव्हाचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मार्क फेल्ट, हे जगाला 2005 मध्ये कळलं. मालिकेतला डीप थ्रोट एफबीआयच्या माणसाला बातमी पुरवत होता, खरा तर एफबीआयमध्येच बसलेला निघाला.

मग ओळखायची खूण सोपी: धूर असेल तर खलनायक, नसेल तर मित्र? इथेच फसगत होते. ‘ई.बी.ई.’ या भागात डीप थ्रोट मोल्डरला उडत्या तबकडीचा फोटो देतो आणि तो बनावट निघतो. पकडला गेल्यावरही त्याला फारशी लाज वाटत नाही. काही गोष्टी लोकांपर्यंत पोचू नयेत असं त्याचंही मत आहे. किती आणि कधी सोडायचं, हे फक्त त्याला ठरवायचंय.

1996 च्या एका भागात सिगारेटवाल्याचं पूर्वायुष्य येतं. त्यात ख्रिसमसच्या आदल्या रात्री हे दोघं एका खोलीत आहेत. समोर परग्रहावरचा जीव, अजून जिवंत. त्याला मारायचं कुणी, हे नाणं उडवून ठरतं! बिभीषण म्हणतो, मी खोटारडा आणि तू मारेकरी. शुक्राचार्य उलट ऐकवतो, तुझ्या खोटेपणाने एका दिवसात जितके मेले तितके मी जन्मात मारले नाहीत. ही सगळी हकीकत एका मासिकातल्या कथेच्या आधारे सांगितली जाते, त्यामुळे खरी किती मानायची हे ज्याचं त्याने बघावं. (याच भागात तो कादंबऱ्या लिहितो, त्या साभार परत येतात आणि अखेर एक छापून आली तर तिचा शेवट बदललेला असतो. तेवढ्यापुरती मला त्याची दया आली.)

पुढे सिगारेटवाल्याला नाव मिळालं, स्पेंडर. मुलगा मिळाला, मग मोल्डरचाही बाप तोच ठरला. 2002 मध्ये तो क्षेपणास्त्राने उडाला आणि 2016 मध्ये परत आला. एवढं सगळं कळल्यावर तो भाऊबंदकीच्या नाटकातला म्हातारा वाटू लागतो. कपाटाला टेकलेला जो पहिला होता त्याची सर याला नाही. उंची सूट घातलेला एक ब्रिटिश म्हाताराही तिसऱ्या सीझनपासून मधेमधे दिसतो, पण तो मुळात अमेरिकी सरकारी माणूसच नाही. या दोघांत त्याला मिसळू नये.

दोघांतला फरक एकाच भागात बघायचा असेल तर पहिल्या सीझनचा शेवट, 13 मे 1994 चा. मोल्डर ओलीस आहे. डीप थ्रोटच्या सांगण्यावरून स्कलीने कडेकोट पहाऱ्यातून परग्रहवासीयाचा भ्रूण बाहेर काढलाय. रात्री पुलावर तो भ्रूण देऊन डीप थ्रोट मोल्डरला सोडवतो आणि तिथेच गोळी खातो. मरताना स्कलीला एवढंच सांगतो, कुणावरही विश्वास ठेवू नकोस. त्यानंतर पुन्हा पेंटागॉनचं तेच गोदाम, तीच लांबलचक रांग. सिगारेटवाला येतो, भ्रूण जागेवर ठेवतो आणि दार लावून निघून जातो.