सातबाऱ्यावरचा आकार आणि खानदेशातली जमीन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात चार एकर वावर घ्यायचं चाललं होतं. विहिरीला पाणी, बांधापर्यंत गाडीरस्ता, भावही जमलेला. विकणारे दादा म्हणाले, "वडिलोपार्जित आहे, काही भानगड नाही." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ होती : 'कुळ कायदा कलम ४३ ला पात्र'. इसार देण्याआधी आम्ही तालुक्याला जाऊन जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढल्या, आणि ती ओळ कुठून आली ते कळलं.

ही गोष्ट १८१८ पासून सुरू होते. त्या साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे मोजणी आली : प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला ठरलेला सारा, म्हणजेच आकार. सारा वाढणार या धास्तीने १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी मोजणीविरुद्ध उठले. सरकारने फौज आणून उठाव मोडला आणि मोजणी पुरी केली.

मोजणीने शेतकऱ्याच्या नावावर जमीन आली, आणि त्याबरोबर ती गहाण पडण्याची सोयही झाली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भावावर कर्जं उचलली गेली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं. सावकाराकडची मुद्दत खरेदी, म्हणजे 'मुदतीत पैसे फेड, नाहीतर वावर माझं', आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या आठवणीत अजून आहे. १९०१ मध्ये सरकारने नव्या शर्तीवर जमीन देण्याची तरतूद केली, म्हणजे कलेक्टरच्या संमतीशिवाय ती विकता येणार नाही. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी या विधेयकाला विरोध केला आणि मुंबईच्या कायदेमंडळात सभात्याग केला. 'नवीन शर्त' हे शब्द मात्र आजही सातबाऱ्यावर दिसतात.

स्वातंत्र्यानंतर शेताचे फार लहान तुकडे पाडायला बंदी करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला आणि १९४८ चा कुळ कायदा. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन : त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. आमच्या व्यवहारातल्या दादांचे आजोबा असेच कूळ होते. कुळाला अशी मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकायला कलम ४३ ने बंदी होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती सैल झाली. कुळाला मालकीचं खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या चाळीसपट नजराणा सरकारकडे भरून शेतीसाठी शेतकऱ्याला विकता येते. या वावराचा आकार १२ रुपये. म्हणजे नजराणा ४८० रुपये! एवढी रक्कम न भरता खरेदीखत केलं असतं, तर लाखोंचा व्यवहार अडकला असता. चलन भरलं, मगच पुढे सरकलो.

नंदुरबारकडे गोष्ट याहून गंभीर आहे. शहादा-तळोद्याच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या जमिनी कर्जापायी हातून गेल्या. १९७१-७२ मध्ये अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली तिथले आदिवासी त्या परत मागण्यासाठी उभे राहिले. त्यानंतर १९७४ मध्ये महसूल संहितेत कलम ३६ अ आलं : ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर शासनाच्या पूर्वमान्यतेने कलेक्टरची परवानगी हवी. १ एप्रिल १९५७ पासून त्या तारखेपर्यंत गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाही झाला.

म्हणून तिकडे वावर स्वस्त मिळतंय असं कोणी सांगितलं, की मी पहिल्यांदा विचारते, "मूळ मालक कोण होता?" नाव आदिवासी निघालं आणि परवानगीचा आदेश नसला, तर तो सौदा सोडून द्यावा. कोणा आदिवासी मजुराच्या नावावर घेऊन आपण कसायचं, ही वाटही धरू नये. ती जमीन ज्याची गेली, त्याचं घर बहुतेक वेळा त्याच गावात असतं.