पालकाच्या अर्कातले चार पट्टे आणि त्यांचा क्रम

पालकाच्या पानांचा अर्क फिल्टर पेपरवर चढू लागला की काही मिनिटांतच त्यातले रंग सुटे होऊ लागतात. रंग असे वेगळे करण्याच्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. सगळ्यांत पुढे असतो तो नारिंगी-पिवळा पट्टा. त्याच्यामागे पिवळा, मग निळसर हिरवा आणि शेवटी पिवळट हिरवा. प्रयोगवहीत या चार पट्ट्यांची आकृती निघते, कॅरोटिन, झँथोफिल, हरितद्रव्य 'अ' आणि हरितद्रव्य 'ब' अशी नावे लिहिली जातात आणि प्रयोग संपतो. माझ्या मते विचार करण्यासारखा प्रश्न तिथून पुढे आहे: हे रंग याच क्रमाने का लागतात?

कागद हा मुख्यतः सेल्युलोजचा बनलेला असतो. सेल्युलोजचे रेणू ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांच्या काही भागांवर किंचित धन तर काही भागांवर किंचित ऋण विद्युतभार असतो, आणि ते पाण्याचा अंश धरून ठेवतात. कागदातून वर चढणारे द्रावक मात्र फारसे ध्रुवीय नसते. बहुधा नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अ‍ॅसिटोन असे मिश्रण घेतात. प्रत्येक रंगद्रव्याचा रेणू वाटेत कधी कागदाला चिकटतो, कधी सुटून द्रावकाबरोबर पुढे सरकतो. ज्याचा वेळ चिकटण्यात जास्त जातो, तो मागे राहतो.

कॅरोटिनच्या रेणूत 40 कार्बन आणि 56 हायड्रोजन असतात, ऑक्सिजन एकही नाही. कागदाने त्याला धरावे असे त्यात काहीच नसल्यामुळे तो द्रावकाच्या जोडीने जवळपास टोकापर्यंत जातो. पालकातले प्रमुख झँथोफिल म्हणजे ल्युटिन. त्यातही 40 कार्बन आणि 56 हायड्रोजनच, पण सोबत दोन ऑक्सिजन. तेवढ्याने ते कॅरोटिनच्या बरेच मागे पडते. हरितद्रव्याच्या दोन प्रकारांतला फरक तर याहून थक्क करणारा आहे. 'अ'चा रेणू 137 अणूंचा. त्यात एका जागी मिथिल गट असतो. 'ब'मध्ये नेमक्या त्याच जागी अल्डिहाइड गट येतो, म्हणजे दोन हायड्रोजन जाऊन एक ऑक्सिजन येतो. बाकी सगळी रचना तीच. एवढ्याशा बदलाने रंगाची छटा बदलते आणि कागदावरची जागाही. कोणत्याही सूक्ष्मदर्शकाविना, कागदाच्या एका पट्टीवर, हा फरक डोळ्यांना दिसतो!

अर्थात, तो दिसायचा तर ठिपका नीट द्यायला हवा. या प्रयोगाचे यश बरेचसे तिथेच ठरते. पाने अ‍ॅसिटोनमध्ये वाटून गडद अर्क काढायचा. पट्टीच्या खालच्या टोकापासून साधारण दोन सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारायची. पेनची शाई स्वतःच द्रावकात विरघळून वर चढू शकते, म्हणून पेन्सिलच. काचेच्या बारीक नळीने रेघेवर छोटा ठिपका द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि त्याच जागी पुन्हा द्यायचा. ठिपका लहान पण गडद होईपर्यंत हे करत राहायचे. इथे घाई केली की ठिपका पसरतो आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. द्रावकाची पातळी रेघेच्या खाली हवी, नाहीतर अर्क वर न चढता खालच्या द्रावकातच उतरतो. बरणीवर झाकण हवे, म्हणजे आतली हवा द्रावकाच्या वाफेने भरलेली राहते. ही द्रावके चटकन पेट घेतात, त्यामुळे जवळपास बर्नर पेटलेला नको आणि खोली हवेशीर हवी.

पट्टी बाहेर काढताच द्रावक कुठवर पोचले होते तिथे खूण करायची, कारण ते बघता बघता उडून जाते. रंगद्रव्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर, हा झाला त्या रंगद्रव्याचा आरएफ. तो नेहमी एकाहून कमी येतो. मात्र हा आकडा एकट्या रंगद्रव्याचा नसतो, तो कागद आणि द्रावक यांच्याशीही बांधलेला असतो. कागदाऐवजी सिलिकाचा पातळ थर घेतला तर झँथोफिल अनेकदा दोन्ही हरितद्रव्यांच्या मागे जाते!

कधी कधी कॅरोटिनच्या मागे राखाडी रंगाचा पाचवा पट्टा उमटतो. आकृतीत नाही म्हणून मुले तो वहीत दाखवत नाहीत. तसे करू नये. तो फिओफायटिनचा पट्टा असतो. पाने वाटताना पेशींमधले आम्ल हरितद्रव्याला भिडते, रेणूच्या मध्यावरचा मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मळकट होतो.

ही पद्धत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांची. 1903 साली वॉर्सामध्ये त्यांनी ती मांडली आणि 1906 साली तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. ते कागद वापरत नसत. काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी ठासून तीवर पानांचा अर्क ओतला की नळीत एकाखाली एक रंगीत कडी उमटत. पण भुकटीशी संपर्क आल्याने हरितद्रव्य बिघडते, अशी शंका त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांनी घेतली आणि पद्धत मागे पडली. त्स्वेत 1919 साली वारले. 1931 च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रिखर्ड कून आणि एडगर लेडरर या रसायनशास्त्रज्ञांनी याच पद्धतीने कॅरोटिनॉइड, म्हणजे कॅरोटिन आणि झँथोफिल यांच्या गटातली द्रव्ये, वेगळी केली, तेव्हा कुठे तिच्याकडे जगाचे लक्ष गेले. कागदावरची पद्धत 1944 सालची.

वेळ असेल तर एकाच झाडाचे हिरवे आणि पिवळे पडलेले पान घेऊन दोन्ही अर्क शेजारी शेजारी चढवून पाहावेत. पिवळ्या पानाच्या पट्टीवर हिरवे पट्टे फिके असतात किंवा नसतातच, पिवळे मात्र दिसतात. पान पिवळे पडते ते मुख्यतः हरितद्रव्य मोडल्यामुळे. पिवळी द्रव्ये त्यात आधीपासूनच असतात. जांभळ्या पानांचा अर्क घेतला तर जांभळा रंग रेघेवरच बसून राहतो. तो पाण्यात विरघळणारा असल्याने पेट्रोलियम ईथर त्याला हलवू शकत नाही. त्यासाठी पाणी मिसळलेले द्रावक घेऊन दुसरी पट्टी लावावी लागते.